साक्रीच्या बाजारातली मुंबई

बळवंता,

तुझा कॅमेरा विकायचा आहे का, असं विचारत परवा जळगावचे एक गृहस्थ आले होते. मी त्यांना सांगितलं, मालक गावाला गेलेत. कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याचं काही सांगता येत नाही. वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, त्यामुळे सवयीनं तोंडातून गेलं. ते जिना उतरून गेले आणि मी तसाच वरच्या पायरीवर बसून राहिलो.

तू गेलास त्याला सव्वा महिना झाला. धुळ्यात सध्या तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात. पायाला भिंगरी लागलेला, घरादाराची फिकीर नसलेला, म्हणून जी माणसं नाकं मुरडत होती तीच आता तुझं कौतुक करतात आणि मला ते मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागतं. तुझा जन्म कुठला, तू शिकलास किती, कुठं कुठं हिंडलास, हे सांगायला ती पुरेशी आहेत. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच, पण या वेळी तू अतीच केलंस.

तू एरंडोलहून पहिल्यांदा माझ्याकडे आलास तेव्हा मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. तुझ्या पाठीवर कुण्या बदली झालेल्या साहेबानं अडगळ म्हणून टाकून दिलेला कॅमेरा होता. तीन लाकडी पाय, वर काळं फडकं, भिंगावर पितळी टोपी. टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी लावायची. पुढे खटका दाबला की क्षणात काम करणारे कॅमेरे आले, इतर फोटोवाल्यांनी ते घेतले, तू मात्र टोपीवाला सोडला नाहीस. घड्याळ परवडत नव्हतं म्हणून पाढे म्हणायचास. उघड्या उन्हात बेचा, सावलीत तिनाचा, घरात बारा-तेराचा. मी विचारायचो, फोटो काढतोस की शाळा भरवतोस? तू म्हणायचास, "मास्तर, पाढे पाठ कशाला करायचे हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. या डबड्यानं सांगितलं."

कामाची वाटणी आपण कधी ठरवली नाही, ती होऊन गेली. तू हिंडायचंस आणि मी बसायचं. मला जळगावपर्यंतचा प्रवाससुद्धा नकोसा होतो हे तुला माहीत होतं. खिडकीपाशी उतरतं मेज, त्यावर तू आणलेली काच, काचेखाली आरसा, आणि माझ्या हातात टोकदार शिसपेन्सिल. काचेवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. पेन्सिलीनं काळं केलं की कागदावर ते पांढरं उमटतं. काळं हवं असेल तर चाकूच्या टोकानं काच हलक्या हातानं खरवडायची. देवीचे व्रण बुजव, नवरदेवाचा तिरळा डोळा सरळ कर, शेटजींची हनुवटी एकीवर आण, यात माझी हयात गेली. तुला या कामाचा मनापासून तिटकारा होता, पण त्याच्यावर आपलं पोट चालायचं, म्हणून तू गप्प बसायचास.

समुद्राचं वेड तुला तापीनं लावलं. आपल्याकडून वाहून जाणारं एवढं पाणी शेवटी जातं कुठं, हे बघायला म्हणून तू अमळनेरहून सुरतेची गाडी पकडलीस आणि तिथून डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन चार दिवस राहिलास. परत आलास तेव्हा कॅमेऱ्याच्या पायांच्या खोबणीत वाळू अडकली होती आणि तुझं नाक उन्हानं सोलवटलं होतं. मी काचा धुतल्या आणि माझं तोंडच उतरलं. समुद्र आलाच नव्हता. एक होडी, चार माणसं, एक लांबुळकं लाकूड, आणि त्यांच्यापुढे नुसता पांढरा सपाट पसारा. मी म्हटलं, "काचा बिघडल्यात." तू म्हणालास, "बिघडल्या नाहीत. लाटा माझा पाढा संपेपर्यंत थांबत नाहीत, त्यांना कामं आहेत."

माझ्या हयातीत मी पहिल्यांदा पाहिलेला समुद्र हा असा, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. मी लाटा काढून देतो म्हटलं. तू विचारलंस, "तुम्ही समुद्र पाहिलाय?" मी म्हटलं, "चित्रात." "मग राहू द्या," म्हणालास आणि जेवायला निघून गेलास. मला राग आला होता. आज सांगतो, त्या फोटोकडे मी नंतर शेकडो वेळा पाहिलं असेल आणि लाटा काढू दिल्या नाहीस याबद्दल मनातल्या मनात तुझे आभारही मानले असतील. तोंडानं मानले नाहीत. तू डोक्यावर बसला असतास.

मग मुंबईचे रस्ते आले. गिरगाव, भुलेश्वर, गिरण्यांच्या बाजूच्या चाळी. तुला सकाळचं कोवळं ऊन हवं असायचं आणि सगळं लख्ख यावं म्हणून तू भिंगाचं छिद्र बारीक करायचास, म्हणजे पाढा आणखी लांबायचा. तेवढ्या वेळात चालणारी माणसं निघून जायची. काचेवर येत ती घरं, दिव्याचे खांब, पाट्या, उभी राहिलेली एखादी बैलगाडी. माणसांच्या जागी फार तर धुरासारखं काहीतरी. तू मला पत्रात लिहिलं होतंस, "मास्तर, इथला रस्ता म्हणजे मुंग्यांची रांग आहे. समुद्रावर मात्र हीच माणसं येतात आणि आपोआप उभी राहतात. कुणाला सांगावं लागत नाही. समुद्र थांबत नाही आणि माणूस थांबतो, रस्ता थांबतो आणि माणूस थांबत नाही." मला ते वाचून वाटलं होतं की पोराला मुंबईचं पाणी बाधलं.

या फोटोंचं करायचं काय? धुळ्यात रिकाम्या रस्त्याचा फोटो कोण घेणार? तेव्हा सैरबीन करायची कल्पना माझी, हे तू चारचौघांत कबूल करायचास, म्हणून इथं लिहून ठेवतो. लाकडी पेटी, तिला सहा गोल भिंगं, आत दांड्यावर गुंडाळलेले फोटो. बाहेरून मूठ फिरवली की एकामागून एक देखावा पुढे येतो. बैलगाडीत पेटी घालायची आणि साक्री, पिंपळनेरच्या बाजाराला न्यायची. तू असलास तर बरोबर यायचास, नसलास तर मी एकटा. देखावा सांगायचं काम माझं. शाळेत कधी माझं कुणी ऐकलं नाही, पण बाजारात ऐकायचे.

आता त्या दिवसावर येतो. तुला तो कधी विसरता आला नाही, मलाही नाही.

साक्रीचा बाजार. प्लेग अजून सगळ्यांच्या अंगात होता, म्हणजे गेला होता, पण दर थंडीत कुठल्या ना कुठल्या गावची माणसं झोपड्या बांधून रानात राहायला जायची. आपण मुंबई पहिल्यांदाच नेली होती. मिरच्या आणि लसणाच्या वाट्यांपुढून उठून एक बाई आली. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदलेलं. तिनं भिंगाला डोळा लावला. मी मूठ फिरवून सांगत होतो, ही बघा मुंबई, हे बघा भुलेश्वर. तिनं डोळा काढला नाही आणि विचारलं,

"भाऊ, बठ्ठा लोके कोठे गयात?"

मी हसलो. ती हसली नाही.

"पिलेग परत उना का? मना आंडोर शे तठे. धुडकू. दोन पावसाया व्हयनात, त्यान्हं कागद नही."

गिरणीवाल्या मुलाचं दोन वर्षं पत्र नाही, आणि आपण तिला रिकामी मुंबई दाखवत होतो. पुढचं तुला माहीतच आहे. वाऱ्यासारखी बातमी पसरली. मुंबई रिकामी झाली, फोटोत एक माणूस शिल्लक नाही. ज्यांची ज्यांची पोरं गिरणीत होती ती सगळी आपल्या पेटीभोवती जमा झाली. आपण तालेवार लोकांचे फोटो सुधारणारे, आणि आपल्याला कुणाच्या डोक्यात हे येईल असं सुचलंच नव्हतं. रिकामी घरं आणि उघडी दारं या लोकांनी आपल्या गावात पाहिली होती. त्यांना त्याचा एकच अर्थ ठाऊक होता.

तू पेटीवर चढून समजावू लागलास. टोपी, पाढा, चालणारा माणूस काचेवर उमटत नाही, सगळं. बरेच लोक पटल्यासारखे झाले. ती मात्र हलली नाही. म्हणाली, "म्हंजे उभा ऱ्हायना त्योच दखास?" तू हो म्हणालास. ती म्हणाली, "धुडकू त् कव्हयच उभा ऱ्हाये नही, ल्हानपनपासून." मग पुन्हा, "पन भाऊ, कव्हयमव्हय त् थकीसन उभा ऱ्हास व्हई ना?"

तू पेटीवरून उतरलास आणि मला म्हणालास, "चला, गाडी जुंपा."

दुसऱ्या दिवशी तू मद्रासेला गेलास. मी मेजावर बसलो आणि ती भुलेश्वरची काच पुढ्यात घेतली. तू असतास तर मी ते केलं नसतं. दिव्याच्या खांबाशेजारी मी एक माणूस काढला. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरा फेटा. पेन्सिलीला पांढरंच सोपं. तोंडापुरता चाकू लावला. एका पायावर भार, दुसरा सैल, थकलेला माणूस उभा राहतो तसा. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. तिथं नाकडोळे काढताच येत नव्हते, एक मिशी तेवढी आली. तो कुणाचाही कुणीही असू शकत होता. मला फक्त रस्ता रिकामा ठेवायचा नव्हता, एवढंच मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या बाजाराला ती आली. भिंगाला डोळा लावला. मी काही बोललो नाही, शपथेवर सांगतो. मी नुसती मूठ फिरवली. भुलेश्वर आलं आणि ती म्हणाली, "हाऊ काय उभा शे मना धुडकू." तिनं पदरानं भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. "अंग धरेल शे. खावाले भेटस वाटतं त्याले." मग आपल्या पुतण्याला हाक मारली, त्याला दाखवलं. तोही म्हणाला, धुडकूच आहे. शेजारच्या दोघी म्हणाल्या, त्याचीच उभं राहायची तऱ्हा. मी घरी आलो तो हवेतच. वाटलं, चार वर्षं लोकांच्या हनुवट्या पुसल्या, आज पहिल्यांदा या पेन्सिलीनं काही भलं केलं.

तू मद्रासेहून आलास. काच हातात घेतलीस, उजेडासमोर धरलीस आणि एका नजरेत पकडलंस. "याला सावली नाही," म्हणालास. खांबाला सावली, गाडीला सावली, पाटीलासुद्धा सावली, आणि याला नाही. "मास्तर, सावली नसलेला माणूस कोण असतो हे आपल्याकडं पोरंसुद्धा सांगतात."

त्यावर मी काय केलं? तू जेवायला गेलास तेव्हा चाकू घेतला आणि त्याला सावली दिली. चांगली लांब, खांबाच्या सावलीला समांतर. माझ्या कामातली खोट कुणी दाखवली की मला राहवत नाही. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं तुझ्याबद्दल पुटपुटत मी ती खरवडली. तू परत आलास आणि डोक्याला हात लावलास. कारण पेन्सिल फडक्यानं पुसता येते, चाकूनं इतकं लांब खरवडलेलं परत बेमालूम भरता येत नाही. आता माणूस पुसला तर त्याची सावली मागे राहणार होती.

पण तू खरा चिडलास ते नंतर, पिंपळनेरच्या बाजारात तिचा पुतण्या भेटला तेव्हा. तू त्याला विचारलंस, धुडकूची काही खबर? तो म्हणाला, "मी मुंबईले जाणार व्हतू त्याले दखाले. तिकिटनी सोय बी करेल व्हती. काकू म्हने, आते कसाले जास? मी त्याले दखा ना, बरा शे तो."

परतीच्या वाटेवर तू गाडीत बसला नाहीस. बैलांच्या बाजूनं चालत होतास. कुसुंब्याशी आल्यावर म्हणालास, "तुम्ही त्या बाईला मुलगा दिला नाही मास्तर. तिचा शोध काढून घेतलात." मी म्हटलं, "मी नुसता माणूस काढला. मुलगा तिनं केला." तू म्हणालास, "तिला जाऊन सांगा." मी म्हटलं, "सांगेन." आणि पुढच्या बाजाराला ती आली, भिंगाशी वाकली, हातातली लसणाची जुडी खाली ठेवून दोन्ही हात पेटीवर टेकवले, आणि मी नुसती मूठ फिरवली.

त्या पुतण्याला मुंबईला धाडायचा मी पुढच्याच महिन्यात प्रयत्न केला, हे तुला कधी बोललो नाही. पण तोवर त्याचं लग्न ठरलं होतं आणि तो म्हणाला, काकूनं पाहिलं ना आता, मग कशाला. मग महायुद्ध आलं, मग मानमोडीचा ताप आला, मुंबईत माणसं पटापट गेली, आणि त्यानंतर धुडकूला कुणी शोधायचं ठरवलं असतं तरी शोधायला कुठून सुरुवात करायची होती? ती मात्र दर बाजाराला येत राहिली. तिच्याकडून आपण कधी काही घेतलं नाही. तीच कधी मूठभर मिरच्या पेटीवर ठेवून जायची, आणि त्या मिरच्यांची चटणी माझ्या घशाखाली उतरायची नाही. बायकोला वाटायचं तिखट झाली.

तू मात्र त्यानंतर रस्त्यावर ओरडायला लागलास. भुलेश्वरात भल्या सकाळी टोपी काढायच्या आधी मोठ्यानं हाक द्यायचास, "ओ भाऊ, उभा ऱ्हाय, हालू नको!" मुंबईच्या माणसाला ते कळायचं नाही, तो आपल्या वाटेनं चालू लागायचा. आपल्याकडचा माणूस मात्र जागच्या जागी थांबायचा, आईनं हाक मारल्यासारखा. त्यामुळे तुझ्या पुढच्या सगळ्या रस्त्यांवर लाखो माणसं गळून गेली आणि जी उभी राहिली ती झाडून आपली, खानदेशची. हमाल, गिरणीवाले, केळीच्या घडांबरोबर आलेले रावेरकडचे दोघे. बाजारात लोक मग भिंगाला डोळा लावून आपला माणूस शोधायचे, आणि पुष्कळदा तो सापडायचा. साक्रीच्या शिंप्याचा भाऊ नऊ वर्षांनी तुझ्या फोटोत सापडला आणि ते त्याला जाऊन घेऊन आले. तेव्हा शिंपी तुझ्या पाया पडायला आला आणि तू गल्लीच्या मागून पळालास. कलकत्त्याहून तू लिहिलंस, "इथं पहाटे रस्ते नळीनं धुतात. मी हाक मारली तर एक कुत्रं तेवढं थांबलं. बहुतेक आपल्याकडचंच असावं." ते पत्र मी अजून कुणी कंटाळवाणा पाहुणा आला की वाचून दाखवतो.

मला वाटायचं, हे सगळं तू माझी जिरवायला करतोस. मी खोटा माणूस काढला, तू खरी उभी करून दाखवतोस. वर्षातून दोन-तीनदा काही कारण नसताना ते उकरून काढायचास, "तो पुसा मास्तर." मी म्हणायचो, "सावलीचं काय करू?" की मग तू उठून जायचास. आणि तुझं ते समुद्राचं खूळ. मुंबईला गेलास की एक रस्त्याची काच असेल तर चार चौपाटीच्या. तेच ते सपाट पांढरं पाणी, तीच वाळू, त्यावर पाठमोरी उभी माणसं. त्या विकल्या जात नव्हत्या, बाजारात लोकांना आवडत नव्हत्या, "हाई त् धुकं शे" म्हणून पुढची मूठ फिरवायला सांगायचे. गेल्या दिवाळीत मी तुला बोललो ते चारचौघांत बोललो. म्हटलं, "एकाच वाळूचे किती फोटो काढशील? म्हातारपणी समुद्राशी लग्न लावणार का?" सगळे हसले. तूही हसलास. मला तेव्हा काय माहीत, बळवंता.

तू आजारात म्हणालास, "मास्तर, एकदा साक्रीला जाऊन या." मी कळून न कळल्यासारखं केलं. म्हटलं, तू बरा हो, दोघं जाऊ.

तुझी वही मी तू गेल्यावर पंधरा दिवसांनी उघडली. प्रत्येक काचेची त्यात नोंद असते हे मला माहीत होतं, पण ती मी कधी वाचली नव्हती, जागेचं नाव पाहायचो आणि मिटायचो. "चौपाटी. संध्याकाळ. तिनाचा पाढा. धुडकूला हाक मारली. नाही." त्याखाली, "वरळी. ढग. चारचा पाढा. धुडकूला हाक. नाही." पुढच्या वर्षी पुन्हा चौपाटी, पुन्हा नाही. मी पानं उलटत गेलो. सोळा वर्षं. जुहू, दादरची वाळू, माहीम. जिथं त्या गिरणीवाल्यानं पाऊल टाकायचं काही कारण नव्हतं त्या पुरीच्या किनाऱ्यावरसुद्धा. आणि एके ठिकाणी, बहुधा शोधाच्या पहिल्या वर्षीच, कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, "थांबत नाही म्हणते. थांबलाच तर समुद्रावर थांबेल."

मी वही मिटली आणि आत जाऊन तोंड धुतलं. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हटलं डोळ्यात वार्निश गेलं. मी मेजावर बसून त्या बाईचा शोध बंद पाडला आणि तू तो सोळा वर्षं एकट्यानं चालू ठेवलास, एका शब्दानं मला कळू न देता. सांगितलं असतंस तर माझ्या अंगावर काय आलं असतं ते तू ओळखून होतास. मी तुला वाळूवरून हसलो. ते मला परत घेता येत नाही. क्षमा माग म्हटलं तर मागतो, पण ती कुणाकडे मागायची तेही तूच सांगायला हवं होतंस.

तर गेल्या बाजाराला मी साक्रीला गेलो. आता मोटार जाते, पेटी टपावर बांधली. ती आली. हाडं राहिलीत नुसती, एक डोळा गेला आहे, चालताना पुतण्याच्या बायकोचा खांदा धरते. भिंगाला डोळा लावायला वाकली तसा मी मुठीवर हात ठेवला आणि फिरवलीच नाही. म्हटलं, "माय, तुले एक सांगनं शे. तो खांबपान उभा शे ना, तो मी काढेल शे. पेन्सिलवरी. तो धुडकू नही."

ती सरळ झाली.

"तू काढा?"

"हां."

"तू धुडकूले दखेल व्हता?"

"नही."

"मंग तुले कसं समजनं, तो असा एक पायवर भार दीसन उभा ऱ्हास ते?"

मग मी तिला तुझं सांगितलं. फोटोवाला भाऊ गेला, तो सोळा वर्षं समुद्राच्या काठाकाठानं तिच्या मुलाला हाका मारत होता, कुणी आलं नाही. ती खाली बसली. बाजार चालू होता, कुणी बैलाच्या शिंगांना रंग विकत होतं, कुणी भाव करत होतं. ती पदर तोंडाशी धरून रडली, फार वेळ नाही. "त्याना जीवले भलताच घोर व्हयना मन्हामुये," असं तुझ्याबद्दल म्हणाली. तुझी आई आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि त्या मला हव्या होत्या. मी तयारीनंच गेलो होतो.

तिनं उठायला हात मागितला. मी दिला. भिंगाशी पुन्हा वाकली आणि म्हणाली, फिरव. मी फिरवली. भुलेश्वर आलं. तिनं तो एक डोळा कितीतरी वेळ काढला नाही. मागे माणसं खोळंबली. मग ती म्हणाली,

"इतला वरीस व्हयनात, आन हाऊ तसाच तरणा कसा? आते तो बी म्हतारा व्हयना व्हई. पुढला बाजारले येशी तव्हय मिशीमा जरासं पांढरं टाकीसन लई ये."

आणि पुतण्याच्या बायकोचा खांदा धरून लसणाच्या वाट्यांकडे निघून गेली.

तुझं ऐकून मी तिला खरं सांगितलं, बळवंता. आता तिचंही ऐकायला हवं. तू हो म्हणाला असतास की उठून गेला असतास, हे मी चार दिवस स्वतःला विचारतोय. आज सकाळी काच मेजावर घेतली. धुडकूचं वय आता पंचेचाळीसच्या पुढे-मागे, म्हणजे तुझ्याएवढंच. त्या वयाच्या माणसाची मिशी कशी पिकते हे बघावं म्हणून तुझा फोटो शोधला, तर सबंध स्टुडिओत तुझा एकही फोटो नाही. मग डोळे मिटून तुझी आठवली. डाव्या बाजूला जास्त पांढरी, उजवीकडे कमी, मधे अजून काळी. तशीच काढली.